लॅटिनचा शब्दक्रम मोजायला बसलं की काय काय समोर येतं

लॅटिनमध्ये क्रियापद शेवटी येतं, हे कुठल्याही प्राथमिक पुस्तकात पहिल्या काही पानांतच सांगितलेलं असतं. मग विद्यार्थी सीझरचा गॉलच्या युद्धाचा वृत्तांत उघडतो आणि पहिल्याच ओळीत अडतो. 'गाल्लिया एस्त ओम्निस दिवीसा इन पार्तेस त्रेस'. म्हणजे गॉल देश (साधारण आजचा फ्रान्स) सगळा मिळून तीन भागांत विभागलेला आहे. यात 'एस्त' (आहे) दुसऱ्या जागी बसलंय, 'दिवीसा' (विभागलेला) चौथ्या जागी, आणि वाक्य संपतं ते 'तीन भागांत' या शब्दांवर. लगेच पुढे 'क्वारुम ऊनाम इन्कोलुन्त बेल्गाय' (त्यातल्या एकात राहतात बेल्गाय लोक): आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. ज्या लेखकाचं नाव या नियमाच्या उदाहरणादाखल दिलं जातं, त्याच्याच पहिल्या वाक्यात नियम दोनदा मोडतो.

नियम खोटा आहे असं नाही. तो किती वेळा, कसल्या वाक्यांत आणि कशामुळे पाळला जातो हे मोजल्याशिवाय त्याला अर्थ नाही, इतकंच. हे मोजण्याचं काम आम्ही कसं करतो आणि त्यात कुठे कुठे फसायला होतं, ते इथे मांडतोय. लॅटिन न येणाऱ्यालाही समजावं म्हणून प्रत्येक उदाहरणाचा अर्थ सोबत दिला आहे.

मराठीत एखादा क्रम चालतो का अशी शंका आली तर शेजारच्या माणसाला विचारता येतं. 'आंबा खाल्ला रामाने' असं म्हणशील का? म्हणेन, पण कधी? लॅटिनसाठी असं विचारायला कुणी उरलेलं नाही. जे लिहिलं गेलं आणि टिकलं, तेवढंच हाती आहे. त्यामुळे एखादा क्रम कुठेच सापडला नाही तर तो अशक्य होता की नुसता टिकला नाही, हे ठरवणं कठीण. आणि टिकलेल्या मजकुरातला क्रम व्याकरणानेच ठरलाय असंही नसतं. त्यात छंद, कानाला बरा वाटणारा शेवट, कायद्याची ठरलेली भाषा, ग्रीक मुळाची सावली, नकलाकाराची चूक अशा बऱ्याच गोष्टींचा हात असतो. बहुतेक मेहनत हे हात ओळखून बाजूला करण्यात जाते. आकडेमोड शेवटच्या तासाभराची.

सुरुवात प्रश्न ठरवण्यापासून. 'लॅटिन ही कर्ता-कर्म-क्रियापद भाषा आहे का?' हा प्रश्न आम्ही सरळ बाद करतो. कारण लॅटिन कर्ता सहज गाळते. आपण 'आलो, जेवलो, झोपलो' म्हणतो तसंच. कर्ता, कर्म आणि क्रियापद तिन्ही सुटे नि पूर्ण आहेत अशी वाक्यं पानाला जेमतेम दोन-चार निघतात. त्यांच्यावरून सहा रकान्यांचा तक्ता भरला की प्रत्येक रकान्यात मूठभर उदाहरणं येतात आणि त्यातून काहीही सिद्ध करता येतं. म्हणून प्रश्न दोन, आणि ते वेगळे ठेवायचे. एक, क्रियापद आपल्या उपवाक्याच्या शेवटी आहे का? दोन, कर्म क्रियापदाच्या आधी आहे की नंतर? हे दोन्ही एकच आहेत असं पुष्कळांना वाटतं. नाहीत. ते खाली दिसेलच.

मग मजकुराची निवड. पद्य पहिल्यांदा बाहेर. व्हर्जिलची 'आर्मा विरुम्क्वे कानो' (शस्त्रं आणि वीर गातो मी) ही ओळ कितीही गाजलेली असली, तरी तिथे कुठला शब्द कुठे बसणार हे लघु-गुरूंनी ठरवलेलं आहे. विशेषण ओळीच्या एका टोकाला आणि त्याचं विशेष्य दुसऱ्या टोकाला, हे लॅटिन कवींना आवडायचं; त्यावरून रोमन माणूस बाजारात कसा बोलत होता हे काढू नये. प्लाउतुसच्या नाटकांत बोलभाषा जिवंत आहे खरी, पण तीही छंदोबद्ध, म्हणून ती जपून वापरायची.

भाषांतरही बाहेर, आणि इथे स्वतः भाषांतरकाराचीच साक्ष आहे. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने आपल्या ५७व्या पत्रात लिहून ठेवलंय की ग्रीकमधून भाषांतर करताना तो शब्दाला शब्द न ठेवता अर्थाला अर्थ ठेवतो. अपवाद पवित्र शास्त्राचा, कारण तिथे शब्दांचा क्रमसुद्धा गूढ आहे. तेव्हा त्याच्या बायबलातलं 'इन प्रिन्किपिओ एरात वेर्बुम' (आरंभी होता शब्द) हा ग्रीक वाक्याचा क्रम आहे. बायबल सोपं असतं, सहज मिळतं, म्हणून नवशिके नेमकं तेच मोजायला घेतात आणि 'लॅटिनमध्ये क्रियापद आधी येऊ लागलं' असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

कायदे आणि पाककृती ठेवायच्या, पण वेगळ्या खणात. इ.स.पू. १८६ चा मद्यदेव बाक्कुसच्या उत्सवांवर बंदी घालणारा सिनेटचा ठराव कांस्याच्या पत्र्यावर कोरलेला मिळाला आहे. मजकूर त्या काळातलाच, मधे नकलाकार नाही, हा मोठा फायदा. पण भाषा सरकारी. क्रियापद शेवटी ठेवायचं हा तिथला रिवाजच. काटोच्या शेतीवरच्या पुस्तकात 'लीबुम होक मोदो फाकितो' (लीबुम असा करावा) अशी वाक्यं येतात. लीबुम हा चीज घालून भाजलेला पाव. पदार्थाचं नाव पहिल्यांदा, आज्ञा शेवटी. 'पुरणपोळी अशी करावी' या वाक्याचीच ही घडण आहे, आणि पाककृतीत ती येणारच. काटो सगळीकडे असा लिहितो, असं त्यावरून धरायचं नाही.

मजकूर ठरला की आवृत्ती. चिकित्सक आवृत्तीच घ्यायची, तळाला पाठभेद दिलेली. पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची आवृत्ती ज्यांनी चाळली आहे त्यांना पानाची ही मांडणी ओळखीची वाटेल: वर निवडलेला पाठ, खाली कुठल्या पोथीत काय आहे याची बारीक टाइपातली नोंद. सीझरच्या गॉलच्या युद्धाच्या पोथ्या दोन घराण्यांच्या आहेत, त्यांना आल्फा आणि बीटा म्हणतात. सगळ्यांत जुन्या पोथ्या नवव्या शतकातल्या, म्हणजे सीझरनंतर जवळजवळ नऊशे वर्षांच्या. या दोन घराण्यांत शब्दक्रमाचे फरक वारंवार येतात, कारण नक्कल करणाऱ्याचं काम कसं चालतं ते बघा: तो चार-पाच शब्द वाचतो, डोक्यात धरतो, मान वळवतो, लिहितो. अर्थ डोक्यात पक्का राहतो, क्रम सैल होतो. 'माग्ना उर्ब्स' (मोठं शहर) चं 'उर्ब्स माग्ना' झालं तर वाक्य बिघडत नाही, म्हणून पुढचाही कुणी दुरुस्त करत नाही.

याचा परिणाम सगळ्या प्रश्नांवर सारखा होत नाही. लांब उपवाक्याच्या शेवटचं क्रियापद एकदम सुरुवातीला उडी मारत नाही, त्यामुळे 'क्रियापद शेवटी का' या मोजणीला नकलाकारांचा त्रास कमी. विशेषण आधी की नंतर, हे मोजत असाल तर मात्र प्रत्येक जोडीसाठी तळटीप बघायलाच हवी. जिथे पोथ्यांत फाटाफूट आहे ती जोडी शंकेच्या रकान्यात टाकायची. आवृत्तीतला स्वल्पविराम हाही पुरावा धरायचा नाही. तो आजच्या संपादकाने, बहुधा आपल्या मातृभाषेच्या सवयीने घातलेला असतो.

आता तक्ता. प्रत्येक ओळीत एक उपवाक्य. रकाने असे ठेवतो: ग्रंथातलं ठिकाण, प्रधान की गौण, क्रियापद, ते साधं आहे, 'असणे' आहे की 'दिवीसा एस्त' सारखं जोड, जागा पहिली, मधली की शेवटची, कर्म आहे का, असल्यास नाम, सर्वनाम की अख्खं वाक्य, कर्म आधी की नंतर, कर्म किती शब्दांचं, क्रियापदानंतर काय उरलं, आणि शंका. शेवटचा रकाना पहिल्या दिवशी रिकामा राहतो आणि आठवड्याने सगळ्यांत जास्त भरलेला असतो.

मूळ ओळ उतरवताना प्रत्येक शब्दावर क्रमांक घालायचा, आणि मगच अर्थ लावायला बसायचं. शाळेत संस्कृत शिकलेल्यांना हे खास सांगावं लागतं. श्लोक दिसला की अन्वय लावायचा, ही सवय हाडात भिनलेली असते. कर्ता शोधा, विशेषणं जोडा, क्रियापद शेवटी ठेवा. लॅटिनच्या वहीतही हात तसाच चालतो, आणि ज्या गोष्टीचा अभ्यास करायचा तीच पुसली जाते. क्रमांक असले की परत फिरता येतं.

आता सीझरच्या पहिल्या अध्यायाचीच मोजणी करून दाखवतो. तो लहान आहे आणि सगळे सापळे त्यात आहेत. आधी पहिले चार परिच्छेद, म्हणजे गॉलचे तीन भाग, लोक कोण, शूर कोण आणि हेल्वेती या टोळीचं जर्मनांशी रोजचं भांडण. यात पुरुष-वचन दाखवणारी, म्हणजे वाक्य चालवणारी क्रियापदं १७ आहेत. शिवाय 'आलियाम आक्वितानी' (दुसऱ्यात आक्वितानी) यात क्रियापद गाळलेलं आहे, आणि तिसऱ्या भागाच्या बाबतीतही 'राहतात' पुन्हा लिहिलेलं नाही. या दोन जागा मोजायच्याच नाहीत. १७ पैकी १३ आपापल्या उपवाक्याच्या शेवटी आहेत. म्हणजे ७६ टक्के.

उरलेली चार बघू. त्यांतली दोन 'सुन्त' (आहेत) आहेत: 'होरुम ओम्नियुम फोर्तिस्सिमी सुन्त बेल्गाय' (या सगळ्यांत शूर आहेत बेल्गाय) आणि 'प्रोक्सिमीक्वे सुन्त गेर्मानिस' (आणि सगळ्यांत जवळ आहेत जर्मनांना). 'असणे' हे क्रियापद जवळपास सगळ्याच लेखकांत शेवटची जागा सोडून फिरतं. ते विशेषणाला किंवा जोर असलेल्या शब्दाला चिकटतं. ते वगळलं तर १५ पैकी १३, म्हणजे ८७ टक्के. तिसरं ते पहिल्या ओळीतलं 'एस्त... दिवीसा'. यात क्रियापद कुणाला म्हणायचं? रूप चालवणारं 'एस्त' की अर्थ देणारं 'दिवीसा'? असली जोड रूपं वेगळ्या खणात टाकली तर १४ पैकी १३, ९३ टक्के. एकच मजकूर, आणि आकडा ७६, ८७ किंवा ९३. तिघांनी मोजलं आणि तीन उत्तरं आली तर कुणी चुकलंच असेल असं नाही. आपण नेमकं काय मोजतोय हे त्यांनी आधी ठरवलं नव्हतं, एवढंच. म्हणून निर्णयांचं पान तक्त्याच्या आधी लिहायचं आणि मधेच बदललं तर पहिल्या ओळीपासून परत यायचं. आकडा हवा तसा येईना म्हणून निर्णय बदलण्याचा मोह मोठा असतो.

चौथं उरलं 'ऊनाम इन्कोलुन्त बेल्गाय'. इथे मराठी कानाचा फायदा होतो. 'त्यातल्या एकात राहतात बेल्गाय, दुसऱ्यात आक्वितानी': क्रम जसाच्या तसा ठेवला तरी वाक्य आपल्याला खटकत नाही. भाग आधी मोजून ठेवलेत, आता प्रत्येकासमोर रहिवाशाचं नाव टाकायचंय. नवी माहिती नावाची, म्हणून नाव शेवटी. 'सुन्त बेल्गाय' चंही तेच: 'या सगळ्यांत शूर आहेत ते बेल्गाय'. आपली भाषाही क्रियापद शेवटी ठेवणारी आणि तरी लवचीक, त्यामुळे असले बदल का झाले ते आपल्याला पटकन उमगतं. १५८३ मध्ये गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात फादर थॉमस स्टीफन्स यांनी इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनच्या जवळची असल्याचं नोंदवलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर काय असेल याची कल्पना अशा ओळींवरून येते. तोटा असा की क्रियापद शेवटी दिसलं की आपण खूण करून पुढे जातो. त्यालाही काही कारण असू शकतं हे मराठी माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही.

आता त्याच अध्यायातले पाच ते सात हे परिच्छेद. भूगोल: कुठला भाग कुठल्या नदीपासून सुरू होतो, कुठल्या दिशेला तोंड करून आहे. इथे क्रियापदं ११, आणि शेवटी आलेली फक्त ३. म्हणजे २७ टक्के. सहा तर उपवाक्याच्या अगदी आरंभी आहेत: 'वेर्गित आद सेप्तेन्त्रिओनेस' (कलतो उत्तरेकडे), 'स्पेक्तान्त इन सेप्तेन्त्रिओनेम' (बघतात उत्तरेकडे), अशी एकामागून एक. एकाच लेखकाचं एकच पान, आणि आकडा पाऊणावरून पावावर.

कारणं दिसतात. कर्ता एकदा सांगितला आणि मग त्याच्याबद्दल चार विधानांची माळ लावली, तर प्रत्येक विधानाचं क्रियापद पुढे सरकतं. शिवाय दिशा, पल्ला, ठिकाण दाखवणारे शब्द क्रियापदाच्या मागे जायला राजी असतात. पण आणखी एक भानगड आहे. हे भूगोलाचे तुकडे सीझरचे नसून मागाहून कुणी घुसवले असावेत, अशी शंका काही संपादकांनी घेतली आहे, आणि त्यात शैलीचाही आधार घेतला जातो. आता बघा: क्रम वेगळा आहे म्हणून तुकडा परका ठरवायचा, तो काढून टाकायचा, आणि मग उरलेल्या मजकुरावरून म्हणायचं की सीझर क्रियापद नेहमी शेवटी ठेवतो. साप स्वतःचीच शेपूट गिळतोय. आम्ही असे तुकडे काढत नाही, वेगळी खूण करून ठेवतो आणि आकडा दोन्ही प्रकारे देतो.

दुसरा प्रश्न, कर्माचा. अख्ख्या अध्यायात, सर्वनामं धरून, मोजता येण्याजोगी कर्मं ९. त्यांतली ८ क्रियापदाच्या आधी. एकच नंतर: 'आत्तिंगित... फ्लूमेन र्‍हेनुम', म्हणजे र्‍हाइन नदीला भिडतो. क्रियापद शेवटी येण्याचं प्रमाण भूगोलात कोसळलं, पण कर्म आधी येण्याची सवय जवळजवळ तशीच राहिली. दोन प्रश्न वेगळे ठेवायचे ते यासाठी.

अर्थात १७ आणि ११ या संख्यांवर घर बांधता येत नाही. ८० टक्क्यांच्या आसपासचा आकडा १०० उपवाक्यांवरून काढला तर अधिक-उणे ८ टक्क्यांची हालचाल गृहीत धरावी लागते. ४०० उपवाक्यं घेतली की ती ४ वर येते. म्हणून एका मजकुराची निदान तीन-चारशे उपवाक्यं, आणि तीही सलग न घेता वेगवेगळ्या जागांहून: थोडं युद्धवर्णन, थोडं भाषण, थोडा भूगोल. १९२३ मध्ये लिंडे यांनी लॅटिन गद्याची अशी मोजणी प्रसिद्ध केली. त्यांना सीझरच्या दुसऱ्या खंडात प्रधान वाक्यांत ८४ आणि गौण वाक्यांत ९३ टक्के क्रियापदं शेवटी आढळली. प्रधान आणि गौण यांतली ही दरी बहुतेक लेखकांत दिसते, त्यामुळे दोन्ही एकत्र मिसळून काढलेली सरासरी जवळपास निरुपयोगी.

मोजणीत कुठल्या ओळी धरायच्या नाहीत, हे कुठल्या धरायच्या याच्याइतकंच महत्त्वाचं. 'वेनी, विदी, विकी' (आलो, पाहिलं, जिंकलं) सर्वांना ठाऊक आहे. उपवाक्यं तीन, आणि प्रत्येकात एकच शब्द. क्रियापद शेवटी आहे का? आहे. पहिलं आहे का? तेही आहे. एकशब्दी उपवाक्यं ठेवली की 'शेवटी' चा आकडा फुकटचा फुगतो. रोमच्या जुन्या, बारा पट्ट्यांच्या कायद्यातलं 'सी इन यूस वोकात, ईतो' (कुणी न्यायालयात बोलावलं तर जावं) यातलं 'ईतो' तसंच.

संबंधी सर्वनामाचं कर्मही बाद. 'क्वाम', 'क्वेम' (जिला, ज्याला) हे शब्द उपवाक्याच्या तोंडाशीच येणार, त्यांना दुसरी जागाच नाही. ते मोजले तर 'कर्म आधी' ही बाजू न लढता जिंकते. नवशिक्यांच्या तक्त्यातली सगळ्यांत महागडी चूक हीच. 'तो म्हणाला की...' या जातीची, अख्खं वाक्य कर्म असलेली वाक्यंही वेगळी ठेवायची, कारण लांबलचक कर्म मागे ढकललं जातं ते केवळ वजनामुळे.

'से', 'ते', 'मिही' (स्वतःला, तुला, मला) यांसारख्या बिनजोराच्या सर्वनामांना स्वतंत्र रकाना. भाषाशास्त्रज्ञ वाकरनागल यांनी १८९२ मध्ये दाखवलं की जुन्या इंडो-युरोपीय भाषांत असे हलके शब्द वाक्यात दुसऱ्या जागी जाऊन चिकटतात. त्यांची जागा क्रियापदाकडे बघून ठरलेली नसते, म्हणून कर्म आधी की नंतर या हिशेबात ती घेतली की आकडा उगाच हलतो.

सिसेरोच्या भाषणांत अडचण वेगळी. तिथे वाक्याचा शेवट कानासाठी बांधलेला असतो. 'एस्से विदेआतुर' (असल्याचं दिसावं) हा त्याचा आवडता शेवट: गुरु, लघु, लघु, लघु, गुरु, आणि शेवटचं अक्षर कसंही. गण ओळखता येणाऱ्या मराठी वाचकाला हा भाग पाश्चात्त्य विद्यार्थ्यापेक्षा सोपा जातो. मग क्रियापद शेवटी आलं ते व्याकरणामुळे की लयीमुळे? उपाय एकच: मोठ्या वाक्याच्या अगदी शेवटचं उपवाक्य आणि मधली उपवाक्यं वेगळी मोजायची. वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलियन याने पहिल्या शतकाच्या अखेरीस शिकवताना सांगितलं की रचनेला मानवत असेल तर क्रियापदाने वाक्य संपवणं सर्वोत्तम, कारण भाषेचा जोर क्रियापदात असतो. हे वाक्य नियमाचा पुरावा म्हणून दिलं जातं. आम्हाला त्यात उलटंही दिसतं. जे सगळे आपोआप करतात ते कुणी शिकवत बसत नाही.

काळ पुढे सरकला की एगेरिया. इ.स. ३८० च्या दशकात सिनाय आणि जेरुसलेमची यात्रा केलेली ही पश्चिमेकडची बाई. तिचं प्रवासवर्णन १८८४ मध्ये गामुर्रीनी यांना आरेत्सोमध्ये अकराव्या शतकातल्या एकाच पोथीत सापडलं, तेही आरंभ आणि शेवट तुटलेलं. लिंडेंच्या मोजणीत तिच्या प्रधान वाक्यांत क्रियापद शेवटी येण्याचं प्रमाण २५ टक्के, गौण वाक्यांत ३७. ती लिहिते, डोंगर उघडत होते 'एत फाकिएबान्त वाल्लेम इन्फिनिताम' (आणि करत होते दरी अफाट). पुढे 'आप्पारेबात मोन्स सांक्तुस देई सिना' (दिसत होता देवाचा पवित्र पर्वत सिना). पहिल्या वाक्यातलं कर्म नंतर आलंय, ते मोजा. दुसऱ्यावर मात्र फार विसंबू नका. एखादी गोष्ट पहिल्यांदा नजरेस पडते तेव्हा 'दिसत होता' आधी आणि वस्तू नंतर, हे सीझरही करील आणि आपणही करतो. शिवाय एगेरिया बायबलात मुरलेली. तिचा क्रम तिच्या बोलीचा किती आणि पाठ झालेल्या शास्त्राचा किती, हे तिच्या एकटीच्या मजकुरावरून सुटत नाही.

ते सोडवायला लॅटिन बायबलाआधीचा, न सजवलेला मजकूर हवा, आणि तो आहे. इजिप्तमधल्या कारानिसला सापडलेल्या पपायरसांत क्लाउदिउस तेरेन्तियानुस या शिपाईगड्याची दुसऱ्या शतकाच्या आरंभीची पत्रं आहेत. जे. एन. ॲडम्स यांनी १९७७ मध्ये त्यांच्या भाषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. कर्म क्रियापदानंतर ठेवण्याकडे त्याचा स्पष्ट कल दिसतो. पत्रं मोजताना नमस्कार-चमत्काराच्या ओळी आधी कापायच्या, त्या साच्यातल्या असतात. मग गडी बोलू लागतो: इथे पैशाशिवाय काही होत नाही, शिफारसपत्रांना काही किंमत नाही, आपणच हातपाय हलवले तर. गंमत म्हणजे या वाक्यांतल्या 'निहिल फिएत' आणि 'निहिल वालुन्त' मध्ये क्रियापद शेवटीच आहे. 'निहिल' म्हणजे काहीही नाही. नकाराचे शब्द क्रियापदाआधी राहायला बघतात, म्हणून त्यांनाही तक्त्यात खूण.

पॉम्पेईच्या भिंतीही अशाच. इ.स. ७९ च्या राखेखाली गेल्यामुळे मधे नकलाकार नाही आणि तारीख पक्की. लॅटिन कोरीव लेखांच्या महासंग्रहाच्या चौथ्या खंडात ८२५९ क्रमांकाचा लेख आहे: 'सुक्केस्सुस तेक्स्तोर आमात कोपोनियाएस आन्किल्ला'. सुक्केस्सुस विणकर प्रेम करतो खानावळवालीच्या दासीवर. पुढे 'क्वाय क्विदेम इल्लुम नोन कूरात', ती मात्र त्याला विचारत नाही. प्रधान वाक्यात नाम-कर्म नंतर, गौण वाक्यात सर्वनाम-कर्म आधी. एका खोडसाळ प्रतिस्पर्ध्याच्या दोन ओळींत दोन वेगळे नियम दिसतात, आणि सीझर तेव्हा मरून सव्वाशे वर्षंही झालेली नव्हती.

संगणकाने हे काम सोपं केलंय, पण तो आंधळेपणाने वापरायचा नाही. ऑस्लो विद्यापीठाचा प्रोइएल हा संग्रह मोफत मिळतो. त्यात सीझर, सिसेरोची आत्तिकुस या मित्राला लिहिलेली पत्रं, जेरोमचा नवा करार आणि एगेरिया आहेत, प्रत्येक शब्दाचं व्याकरण आणि तो कुठल्या शब्दावर अवलंबून आहे याची नोंद केलेली. युनिव्हर्सल डिपेंडन्सीज या, सगळ्या भाषांना एकाच पद्धतीने व्याकरणाच्या खुणा करण्याच्या, रूपात फाइल उघडली की दर शब्दाला एक ओळ आणि दहा रकाने. सातव्यात मालक-शब्दाचा क्रमांक, आठव्यात नातं. कर्माचा क्रमांक मालकापेक्षा लहान असला की कर्म आधी. दहा ओळींच्या प्रोग्रॅममध्ये हजारो उदाहरणं निघतात. पण या पद्धतीत 'असणे' ला वाक्याचं मूळ मानत नाहीत. 'शूर' हे मूळ आणि 'आहेत' त्याचं आश्रित. त्यामुळे मुळाशी क्रियापद शोधणारा प्रोग्रॅम अशी सगळी वाक्यं न सांगता गाळतो आणि टक्का आपोआप चढतो. संबंधी सर्वनामं सहाव्या रकान्यातल्या खुणेवरून वगळावी लागतात. प्रोग्रॅम चालवल्यावर पन्नास उदाहरणं चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि हाताने तपासावीत. पाच चुकली तरी प्रोग्रॅम परत लिहायचा.

शेवटी विंदोलान्दा. उत्तर इंग्लंडमधल्या या रोमन छावणीत १९७३ पासून शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पाट्या सापडत आहेत. २९१ क्रमांकाच्या पाटीत, इ.स. १०० च्या सुमारास, क्लाउदिया सेवेरा आपल्या मैत्रिणीला ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाला बोलावते. मुख्य मजकूर लेखनिकाच्या हातचा; त्यातलं 'उत वेनियास आद नोस' (की येशील आमच्याकडे) भूगोलाच्या परिच्छेदांची आठवण देतं, जायचं ठिकाण क्रियापदाच्या मागे. खाली तिचं स्वतःचं वेगळं अक्षर: 'स्पेराबो ते, सोरोर'. वाट पाहीन तुझी, ताई. तक्त्यात या पाटीच्या ओळींना दोन वेगळे लेखक लावायचे, एक तो आणि एक ती. आणि 'ते' क्रियापदानंतर आलंय म्हणून 'कर्म नंतर' च्या बेरजेत एक वाढवायला हात शिवशिवतो, पण ते बिनजोराचं सर्वनाम आहे आणि वाक्यात दुसऱ्या जागी आहे. ते सर्वनामांच्या रकान्यात जातं.